चित्र कुणाचे, मजुरी कुणाची?

२०२५ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक लाट येऊन गेली. कुणी आपल्या लग्नातला फोटो, कुणी नातवाच्या बारशाचा, तर कुणी चक्क सोसायटीच्या सत्यनारायणाचा फोटो संगणकाच्या कृत्रिम बुद्धीच्या हवाली करत होते. थोड्याच वेळात त्याचे मऊ रंगांचे, मोठ्या डोळ्यांचे, पाठीमागे कापसासारखे ढग असलेले चित्र होऊन परत येत होते. 'घिबली' हा शब्द त्या पंधरवड्यात आजीपासून नातीपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. जपानी माणूस त्याचा उच्चार 'जिबुरी' असा करतो, पण असो. चॅटजीपीटी चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी आपली यंत्रे या चित्रांच्या मागणीने वितळू लागल्याचे तेव्हा जाहीरपणे सांगितले होते.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणखी एक बातमी आली होती. ती मात्र घराघरात पोहोचली नाही. टेक्निकलर या पॅरिसमध्ये मुख्यालय असलेल्या, शंभर वर्षांहून जुने नाव लावणाऱ्या समूहाचा डोलारा कोसळला. 'एमपीसी', 'द मिल', 'मिक्रॉस' ही त्याच्या स्टुडिओंची नावे. भारतात, मुख्यतः बंगळुरूत आणि काही प्रमाणात मुंबईत, या समूहाचे तीन हजारांहून अधिक कर्मचारी होते. बहुतेक विशीतिशीतली मुले. त्यांच्यावर एकाएकी रस्त्यावर यायची पाळी आली. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, 'मुफासा' हा सिंहाचा चित्रपट जगभर लागला होता. त्यातल्या प्राण्यांच्या अंगावरचा केस न् केस ज्या एमपीसीने घडवला, तीच ही एमपीसी. चित्रपटाने सत्तर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला आणि तो घडवणाऱ्यांच्या हाती नारळ आला.

या दोन बातम्या वर्तमानपत्रांच्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या. माझ्या मते त्या एकाच खात्याच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत.

असे मला वाटू लागले, त्याला निमित्त झाली आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी. ती मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि 'अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आणि चित्रपट दिग्दर्शक' हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला आहे. ‘काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, म्हणून तुम्हाला दाखवायला आणलं,’ असे म्हणून तिने एक मोठा तक्ता माझ्यापुढे पसरला. स्टुडिओ, दिग्दर्शक, चित्रपट, साल, पुरस्कार असे त्याचे रकाने होते. काम नेटके होते, मेहनतही दिसत होती. मी तिला म्हटले, ‘कादंबरीकार म्हणून मला यात काही कळत नाही. पण एकतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस म्हणून तीन रकाने सुचवतो. पात्राची मालकी कुणाकडे? पैसे कुणी घातले? आणि चित्रपट पुरा होईपर्यंत तो पैसेवाला किती वर्षे थांबला?’

तिला ते जरा रुक्ष वाटले. ‘पण काका, कलेचं काय?’ तिचा प्रश्न रास्त होता, आणि माझे उत्तर या रकान्यांतच आहे.

अ‍ॅनिमेशन हा धंदा इतर चित्रपटांपेक्षा मुळातच वेगळा आहे. इथे नट तारखा देत नाही आणि पावसामुळे चित्रीकरण अडत नाही. इथला कच्चा माल एकच, माणसाचा वेळ. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात आणि त्या कुणी तरी एकेक करून घडवाव्या लागतात. खर्चाचा मोठा भाग म्हणजे पगार, आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो; उत्पन्न मात्र तीन, पाच, सात वर्षांनी. मधल्या काळात दिग्दर्शकाला वाटले की हा प्रसंग जमला नाही, पुन्हा काढू, तर त्या ‘पुन्हा’ची किंमत कुणी तरी मोजायची असते. ती मोजण्याची ज्या स्टुडिओची ऐपत असते तिथेच दिग्दर्शक घडतो. जिथे ती नसते तिथे कितीही हुशार माणूस असो, तो कारागीर म्हणूनच निवृत्त होतो.

वॉल्ट डिस्ने यांना हा धडा १९२८ साली मिळाला. 'ओस्वाल्ड' नावाचा ससा त्यांच्या चमूने लोकप्रिय केला होता. पुढच्या चित्रपटांसाठी थोडे जास्त पैसे मागायला ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांना कळले की सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे आहेत आणि आपले बहुतेक चित्रकारही मध्यस्थाने परस्पर करारबद्ध केले आहेत. रिकाम्या हाताने परतल्यावर त्यांनी मिकी माऊस आणला आणि त्याची मालकी मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. ससा पुन्हा डिस्ने कंपनीत आला तो २००६ साली, वॉल्ट वारल्यानंतर चाळीस वर्षांनी. गंमत म्हणजे त्याच्या बदल्यात कंपनीने आपला एक नामांकित क्रीडा समालोचक दुसऱ्या कंपनीला सोडून दिला. एका कार्टूनसाठी एका जिवंत माणसाची अशी अदलाबदल इतिहासात क्वचितच झाली असेल.

आमच्या व्यवसायातल्या एका माणसाचीही या इतिहासात जागा आहे. १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'चा खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला आणि मध्येच पैसे संपले. बँक ऑफ अमेरिकाचे जोसेफ रोझेनबर्ग यांना चित्रपट दाखवायचे ठरले. चित्रपट अपुरा, मधे मधे नुसती पेन्सिलची रेखाटने. तिथे काय येणार ते डिस्ने तोंडाने सांगत होते. रोझेनबर्ग बाहेर आले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत गाडीपर्यंत गेले आणि जाता जाता एवढेच म्हणाले की हा चित्रपट भरपूर कमावणार. डिस्ने पुढे ही गोष्ट रंगवून सांगत. कर्ज मिळाले. पेन्सिलच्या रेघांवर कर्ज देणारा तो अधिकारी मला फार मोठा वाटतो. आमच्याकडे नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एक तरुण जाहिरातींसाठी कार्टून करायचा म्हणून कर्ज मागायला आला होता. त्याचे संगणक नजरगहाण ठेवून कर्ज मंजूर झाले. त्याने एक मिस्कील माकड तयार केले होते; त्याची दहा-बारा रेखाटने त्याने हौसेने अर्जाला जोडली होती. माकडाची किंमत मांडायला आमच्या छापील अर्जात जागाच नव्हती. संगणकांची किंमत तीन वर्षांत शून्यावर आली. माकड अजून टिकले असते.

आता घिबलीकडे वळू. आपण ज्यांच्या चित्रशैलीशी पंधरा दिवस खेळलो, त्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

हायाओ मियाझाकी १९६३ साली तोएई या मोठ्या स्टुडिओत लागले ते 'मधली चित्रे' काढणारे म्हणून. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढतो. मधल्या अवस्था भरायचे काम नवशिक्याचे. तिथेच त्यांची इसाओ ताकाहातांशी मैत्री झाली. दोघेही कामगार संघटनेत पुढे होते. ताकाहातांचा १९६८ सालचा पहिला मोठा चित्रपट ठरल्यापेक्षा कितीतरी लांबला, चालला नाही, आणि त्यांना त्याची शिक्षा भोगावी लागली. म्हणजे माणूस तोच, बुद्धी तीच. थांबणारा मालक तेवढा नव्हता.

तो मिळाला एका प्रकाशनसंस्थेत. तोकुमा शोतेन ही पुस्तके-मासिके काढणारी कंपनी. तिच्या 'अ‍ॅनिमाज' या मासिकाचे संपादक तोशिओ सुझुकी मियाझाकींच्या मागे लागले होते. मूळ चित्रकथा नसलेल्या चित्रपटात पैसा घालायला वरिष्ठ तयार नव्हते, तेव्हा मियाझाकींनी १९८२ पासून त्याच मासिकात 'नौसिका' ही चित्रकथाच सुरू केली. १९८४ साली तिचा चित्रपट आला आणि १९८५ मध्ये तोकुमाच्या पैशातून घिबली उभा राहिला. आपल्याकडेही किती तरी गुणी माणसांना दिवाळी अंकांच्या संपादकांनी लिहिते केले. पण त्यांच्यापाठी स्टुडिओ उभा करणारा प्रकाशक काही मला आठवत नाही.

१९८८ च्या एप्रिलमध्ये घिबलीने दोन चित्रपट एकाच तिकिटात दाखवले. एक मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो', दुसरा ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एकात दोन बहिणी आणि जंगलातला गुबगुबीत प्राणी, दुसऱ्यात महायुद्धात उपाशी मरणारी भावंडे. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. तिकीटबारीवर ही जोडी फारशी चालली नाही. पुढे 'तोतोरो' दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि १९९० च्या सुमारास त्याच्या मऊ बाहुल्या दुकानांत आल्या. त्या बाहुल्यांनी स्टुडिओला वर्षानुवर्षे जो आधार दिला, तो पुष्कळ गाजलेल्या चित्रपटांनीही दिला नसेल. प्राण्याची मालकी घिबलीकडे होती, म्हणून हे झाले. तो कुणा दूरचित्रवाणी कंपनीच्या कंत्राटावर काढलेला असता तर बाहुल्या तितक्याच खपल्या असत्या; पैसा भलतीकडे गेला असता.

त्या काळी घिबलीत चित्रपटापुरती माणसे गोळा करत आणि चित्रपट संपला की ती पांगत. १९८९ च्या 'किकी'ने चांगले पैसे मिळवले आणि मियाझाकींनी आग्रह धरला की चित्रकारांना कायम नोकरी द्यायची, पगार दुप्पट करायचे आणि नव्या मुलांना स्टुडिओतच शिकवायचे. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर हे धाडसच. काम असो-नसो, पगारखर्च डोक्यावर. पण २००१ साली आलेल्या आणि ऑस्कर मिळवणाऱ्या 'स्पिरिटेड अवे'च्या मागे ही दहा-बारा वर्षांची भरती उभी होती. 

ताकाहातांचा शेवटचा चित्रपट 'प्रिन्सेस कागुया' २०१३ साली आला. त्याला आठ वर्षे आणि सुमारे पाच अब्ज येन लागले; तिकीटबारीवर त्याच्या निम्मेच परत आले. तो होऊ शकला, कारण निप्पॉन टेलिव्हिजनचे प्रमुख सेइचिरो उजिइए यांना मरण्यापूर्वी ताकाहातांचा आणखी एक चित्रपट पाहायचा होता आणि त्यासाठी त्यांनी पैसे मोकळे केले. ते २०११ साली वारले. मियाझाकींचा 'द बॉय अँड द हेरन' तर मुदत न ठरवता काढला. साठ चित्रकार महिन्याला एक मिनिटाचे काम करत होते आणि तीन वर्षांत छत्तीस मिनिटे झाली आहेत, असा हिशेब सुझुकींनी २०२० मध्ये स्वतःच दिला होता. माझ्या शाखेत असे खाते असते तर वरून दर पंधरवड्याला पत्र आले असते. चित्रपट २०२३ च्या जुलैत आला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

ही सगळी भक्तिकथा नाही. मियाझाकी निवृत्त होणार म्हटल्यावर २०१४ साली घिबलीने चित्रपटनिर्मितीचा विभाग बंद केला होता. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनने मतदानाच्या हक्कांपैकी ४२.३ टक्के घेऊन स्टुडिओ आपल्या छत्राखाली आणला. वारस घडवणे मियाझाकींनाही साधले नाही. 

शिवाय घिबली म्हणजे सगळा जपान नव्हे. १९६३ साली ओसामु तेझुकांनी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका दूरचित्रवाणीला दिली ती खर्चाहून कमी दरात. तूट खेळणी आणि खाऊच्या जाहिरातींतून भरून निघेल हा त्यांचा हिशेब होता, आणि पात्र त्यांचे असल्याने तो काही अंशी खराही ठरला. पण बाजाराला त्या पडेल दराची सवय लागली. पुढच्या स्टुडिओंच्या वाट्याला दर आला, पात्राची मालकी आली नाही. आजही तिथला नवशिक्या चित्रामागे ठरलेल्या मोबदल्यावर राबतो. खुद्द तेझुकांचा स्टुडिओ १९७३ मध्ये दिवाळ्यात गेला.

चित्रामागे मोबदला हा शब्दप्रयोग कानावर पडला की मला इचलकरंजी आठवते. तिथल्या शाखेत मी चार वर्षे होतो. तिथे यंत्रमागधारकांत एक मोठा वर्ग 'खर्चीवाल्यां'चा. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. खर्चीवाला आपल्या मागावर ते विणून देतो आणि पिकामागे मजुरी घेतो. माग त्याचा, वीजबिल त्याचे, कामगार त्याचा, मंदीही त्याचीच. बाजारात कापडाचा भाव वाढला तर त्याला त्यातले काही मिळत नाही. पडला तर मजुरी आधी कापली जाते. कापडावर छाप कुणाचा असतो, हे त्याला विचारायचे कारणच नसते. 

जगातले दृश्यपरिणाम आणि अ‍ॅनिमेशनचे कंत्राटी स्टुडिओ म्हणजे शुद्ध खर्चीवाले. हॉलिवूडची निर्मितीसंस्था ठोक रक्कम ठरवते. दिग्दर्शकाने दहा वेळा बदल सुचवले तरी रक्कम बहुधा तीच. काम मिळवण्यासाठी स्टुडिओ एकमेकांचे दर पाडतात. लंडन, व्हँकुव्हर, माँट्रियल ही शहरे करसवलतीचे आमिष दाखवतात, तसे काम तिकडे धावते, आणि उरलेले स्वस्त हातांसाठी बंगळुरू, हैदराबाद, मुंबईकडे. एखादे चित्र लांबले, एखाद्या वर्षी काम घटले, की पगार द्यायला पैसे नसतात.

२०१३ चा फेब्रुवारी आठवा. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने घडवला होता. मुंबई आणि हैदराबादलाही त्याच्या शाखा होत्या. त्या महिन्यात स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला. २४ तारखेला त्याच वाघासाठी ऑस्कर मिळाले. व्यासपीठावर त्यांच्या माणसाने अडचणीचा विषय काढताच संगीत मोठे झाले आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. बाहेर काही शे कलावंत निदर्शने करत होते. त्याच रात्री अँग ली यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. माझे म्हणणे एवढेच की वाघाच्या नफ्यात वाघ काढणाऱ्याचा हिस्सा नव्हता. बारा वर्षांनी सिंहाच्या बाबतीत तेच झाले.

बंगळुरूच्या त्या तीन हजारांतले कित्येक जण लाखांनी फी भरून हे शिक्षण घेऊन आले असणार. अशा अभ्यासक्रमांची माहितीपत्रके मी त्या मुलीकडे पाहिली. त्यांत मियाझाकी आणि पिक्सारची छायाचित्रे असतात. नोकरी मात्र खर्चीवाल्याकडे असते.

हे आपल्याकडे असेच व्हायला हवे होते का? सुरुवात काही वाईट नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' करून काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबू काका' हे व्यंगचित्र काढले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनने डिस्नेकडचे क्लेअर वीक्स यांना मुंबईत आणून कार्टून विभाग उभा केला. त्यातून 'बनियन डिअर' झाला, आणि राम मोहन यांच्यासारखा माणूस घडला. सरकारी विभागाचे दोष असतील, पण तिथे पगार दर महिन्याला होत होता आणि चित्राला वेळ मिळत होता. १९७४ सालचे 'एक अनेक और एकता' आठवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. विजया मुळे आणि भीमसेन यांचे ते काम सरकारी पैशावरच झाले होते. १९९२ साली पुरा झालेला रामायणावरचा चित्रपट तर युगो साको यांनी जपानी पैशावर केला. राम मोहन त्यात सहभागी होते. आपली कथा, आपला माणूस, थांबणारा पैसा परका. तो चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत रीतसर झळकला २०२५ च्या जानेवारीत.

नव्वदीनंतर कंत्राटी काम आले. त्याने हजारो मुलांना रोजगार दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या तीस वर्षांत किती दिग्दर्शकांची नावे तुमच्या कानावर आली? जी दोन-तीन आली ती पाहा. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी 'छोटा भीम' २००८ मध्ये पडद्यावर आणला आणि पात्र स्वतःच्या कंपनीकडे ठेवले. तुमच्या नातवाच्या दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर जो दिसतो त्याचा हिशेब हैदराबादला होतो. कलादृष्ट्या मला भीम फारसा रुचत नाही. लाडू खाऊन शक्ती येते, यापलीकडे तिथे काही घडत नाही. पण हिशेबाच्या वहीत तो खणखणीत आहे. जुलै २०२५ मध्ये आलेला 'महावतार नरसिंह' दिग्दर्शक अश्विन कुमार यांनी काही वर्षे राबून क्लीम प्रॉडक्शन्सतर्फे केला, म्हणजे कुणा परदेशी कंपनीचे कंत्राट म्हणून नव्हे. त्याने अडीचशे कोटींच्या वर व्यवसाय केला, आणि भारतीय अ‍ॅनिमेशनपट मोठ्या माणसांनीही तिकीट काढून पाहिला. 

थांबणारा पैसा नेहमी भांडवलदाराचाच असतो असेही नाही. २०२५ चे ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी फुकट मिळणाऱ्या 'ब्लेंडर' प्रणालीवर केला. वीस लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशाने आणि फ्रान्स-बेल्जियमने सार्वजनिक निधीतून मदत केली होती. आणि चीनच्या 'न झा २'ची गोष्ट तर घराघरात सांगण्यासारखी आहे. २०२५ मध्ये दोन अब्ज डॉलरच्या वर कमावणाऱ्या या चित्रपटाचे दिग्दर्शक जियाओझी मुळात औषधशास्त्र शिकलेले. ते सोडून त्यांनी एकट्याने लघुपट करायला घेतला तेव्हा साडेतीन वर्षे घर चालले ते आईच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर. वडील वारलेले. आईने किती महिने लागतील असे विचारले नसेल असे नाही; पण ती थांबली. ही गोष्ट ऐकून आमची मुलगी काही वेळ गप्प राहिली. तिच्या आईची नोकरी अजून चार वर्षांची आहे, हे मला ठाऊक होते.

आता कृत्रिम बुद्धीचे. तिचा पहिला घाव कुणावर बसणार? 'मधली चित्रे' भरणाऱ्यावर, रंग भरणाऱ्यावर, पार्श्वभूमी रंगवणाऱ्यावर. भारतात आलेले काम बरेचसे याच जातीचे. आणि हीच पायरी चढून मियाझाकी वर गेले होते. ती पायरीच काढून घेतली तर पुढचा माणूस कुठून चढणार? मालकाचे तसे नाही. शैलीवर कुणाची मालकी सांगता येत नाही, पात्रावर येते. म्हणून डिस्ने आणि युनिव्हर्सल जून २०२५ मध्ये मिडजर्नी या चित्रे बनवणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचू शकले. घिबली ज्यांच्यात आहे त्या जपानी निर्मात्यांच्या संघटनेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओपनएआयला पत्र धाडून आमची कामे यंत्राला शिकवायला वापरू नका, असे बजावले. ज्याने मजुरी घेऊन सिंहाचे केस काढले, तो कुणाला पत्र धाडणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा आणि दोन लाख रोजगार त्यात आहेत. मुंबईत पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात, केंद्राची नवी शिक्षणसंस्थाही उभी राहिली आहे. मला आनंद आहे. मात्र इचलकरंजीत मी पाहिले आहे की सवलतीचे पैसे माग घ्यायला मिळतात, छापासाठी मिळत नाहीत. नुसते खर्चीवाले वाढले तर पुढच्या मंदीत रस्त्यावर येणाऱ्यांचा आकडा तेवढा वाढेल.

ज्या पालकांची मुले या वाटेने निघाली आहेत त्यांना मी हेच सांगतो, की संस्थेत संगणक किती आहेत हे विचारण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या कुणी स्वतःचे पात्र बाजारात आणले आहे का ते विचारा. आणि मुलाला पहिली नोकरी लागली की कराराचा कागद घरी आणायला सांगा. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे ठरलेले नसेल तर, नोकरी देणारा असतो. ‘वेगळे ठरलेले नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण सगळी घासाघीस तिथेच होऊ शकते. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी लढा दिला. चित्रपटातल्या गीतकाराला आणि संगीतकाराला मानधनाचा वाटा कुणी सहीने काढून घेऊ शकणार नाही, अशी तरतूद त्यातून आली. ती तरतूद साहित्य आणि संगीतापुरती आहे. चित्र काढणाऱ्याचा तीत समावेश नाही.

मुलीला हे मी सांगितले तेव्हा तिने आपल्या तक्त्यातला पुरस्कारांचा रकाना खोडला आणि त्या जागी 'हक्क' असे लिहिले. भारताच्या ओळीत तिला दोनच नावे भरता आली.